दोरीच्या पलीकडची झाडं

त्याच्या चेहऱ्याआधी मला त्याची बोटं दिसली. एका भल्याथोरल्या खोडाच्या आडून ती पुढे आली – डिंकानं चिकट झालेली, अंगठ्याचं नख काळंनिळं, आणि चिमटीत मोजणीच्या टेपचं टोक.

"काका, धरा," खोडापलीकडून आवाज आला.

मी काही कुणाची काका नव्हते. पण इतक्या हक्कानं कुणी काही पुढे केलं की माझा हात आपोआप जातो. मी टोक धरलं.

"पांढऱ्या पट्ट्यावर ठेवा. वर... अजून जरा वर... हां, बास."

त्यानं खोडाला वळसा घालून टेप माझ्या हातापाशी आणली आणि ताणली. ताणताना त्याची बोटं माझ्या बोटांवर आली, आणि थबकली.

"काका... आज हात फारच मऊ लागतायत तुमचे. तब्येत बरी आहे ना?"

"आकडा वाचा," मी म्हणाले.

टेप एकदम सैल पडली. मग एक डोकं हळूच बाहेर आलं. केसांत पाचोळा, डोळे भलतेच काळे, आणि तोंडावर चोरी पकडल्यासारखा भाव. खरे काका, म्हणजे या मोजणीदाराचे मदतनीस, लांब ओढ्यावर बाटली भरत होते, ते मला तेव्हाच दिसले.

"दोनशे... एक्याऐंशी," तो म्हणाला.

"गेल्या वर्षी दोनशे त्र्याऐंशी होतं! झाडं बारीक होतात का कधी?"

मी तेवढ्यासाठीच तर आले होते. आमच्या वनसंशोधन केंद्रात बसून मी कॉम्प्युटरवर जंगल वाढवते. ऐकायला मजेशीर वाटतं, पण काम किचकट आहे. शहराबाहेरच्या रानात पिवळ्या दोरीनं आखलेला एक चौरस प्लॉट आहे, शंभर मीटर बाय शंभर मीटर. आत सहाशे बारा झाडं. प्रत्येकाला नंबराचा बिल्ला, प्रत्येकाची जागा ठरलेली – कोपऱ्यापासून इकडे किती मीटर, तिकडे किती मीटर – आणि दर वर्षी प्रत्येकाचा घेर. माझं मॉडेल एकेका झाडाला विचारतं, तुझ्या आठ मीटरच्या आत कोण कोण आहे? केवढा जाड? किती जवळ? आणि त्यावरून सांगतं की हे पुढच्या वर्षी किती वाढेल. थोडक्यात, शेजारी जितका जाड आणि जितका जवळ, तितकी तुमची वाढ कमी. हे समीकरण मी माणसांनाही लावते, असं माझ्या वहिनीचं म्हणणं आहे. तिचं फारसं चुकत नव्हतं.

तर त्या समीकरणाच्या पोटात २१४ नंबरचं आकसलेलं झाड अडकलं होतं. मी फेरमोजणी मागवली होती, आणि विश्वास नव्हता म्हणून स्वतःच येऊन थडकले होते.

"शेरा नाही का वाचलात?" त्यानं विचारलं.

"कुठला शेरा?"

त्यानं खोडावर हात ठेवला. "हिची जुनी साल गळली, मॅडम. जाड, खवल्याखवल्यांची होती. आतून ही कोवळी निघाली. म्हणून घेर कमी भरला. लिहिलं होतं मी. शेवटच्या रकान्यात."

आता चोरी पकडली जायची पाळी माझी होती. तक्त्यात शेवटचा रकाना असतो खरा, 'शेरा' म्हणून. पण कॉम्प्युटरला शब्द चालत नाहीत, त्यामुळे माझा प्रोग्राम फाइल उघडतानाच तो रकाना टाकून देतो. पहिल्या दिवसापासून.

"तुम्ही दर वेळी लिहिता?"

"पाच वर्षं लिहितोय." तो हसला, पण त्याचे कान लाल झाले. "मला वाटायचं... वर कुणीतरी वाचत असेल."

मग मी जीपनं परतले. मला माझी लाज वाटत होती, आणि उजव्या हाताच्या बोटांना डिंक लागला होता. तो मी धुतला नाही, हेही सांगून टाकते.

दुसऱ्या दिवशी कपाटातून पाच वर्षांचे तक्ते काढले आणि जेवायची सुट्टी होऊन गेली तरी वाचत बसले.

'४६ – सुतारपक्ष्यानं भोक पाडलं आहे. भाडेकरू अजून आलेले नाहीत.'

पुढच्या वर्षी: '४६ – भाडेकरू आले. जोडपं आहे. भांडकुदळ.'

'१३० – वाऱ्यानं वाकलं आहे, पण हसतमुख.'

'३०२ – सकाळी गेलो तर आडवं पडलेलं. काकांनी बिल्ला काढून खिशात ठेवला.'

'५१५ – याला मोजायला घेतलं की पाऊस येतोच. छत्री द्यावी.'

आणि यंदाचा: '२१४ – साल गळली. कोवळी दिसते आहे. आकडा कमी येईल, रागावू नये.'

रागावू नये! मला ओळखत नव्हता, पाहिलं नव्हतं, तरी मी रागावणार हे त्याला आधीच ठाऊक होतं. मी तो कागद छातीशी धरला आणि समोरच्या टेबलावरच्या टंकलेखिकेनं चष्म्यावरून पाहिलं, तेव्हा पटकन खाली ठेवला.

प्लॉटमधल्या तीस झाडांना वाढ मोजणारे पोलादी पट्टे बांधलेले होते. त्यांचा आकडा दर महिन्याला घ्यायचा असे. त्यासाठी ऑफिसातून डाकेच्या पिशवीतून कोरा तक्ता जायचा आणि भरून परत यायचा. त्या तक्त्यात आमच्या बाजूचा एक रकाना होता – 'सूचना'. तो रिकामा सोडायचा नाही असा नियम. म्हणून माझ्या खणात एक रबरी शिक्का असायचा, 'सूचना नाही'. तीस ओळी, तीस शिक्के, ठक ठक ठक. चहा प्यायच्या आत काम संपायचं.

त्या महिन्यात मी एकोणतीसच शिक्के मारले. सेहेचाळीसच्या पुढे पेनानं लिहिलं, 'भाडेकरू कसे आहेत?'

तक्ता परत आला. '४६ – पिल्लं उडाली. आईबाप घरातच आहेत, आता एकमेकांशी भांडायला मोकळे. तुमची आठवण काढत होते.'

मग काय... महिन्याला एक शिक्का कमी होत गेला.

'५१५ – छत्री नेता का?'

'५१५ – नेतो. पण काका तिच्याखाली असतात. जागा एकाचीच आहे.'

'१३० – अजून हसतमुख आहे का?'

'१३० – तक्ता यायच्या आठवड्यात जास्त.'

आमच्या विभागप्रमुख बाई खाली सही करायच्या. त्यांनी कधी वाचलं नाही. मी पाच वर्षं वाचलं नव्हतं, तर त्यांना काय बोलणार? वाचलं ते माझ्या वहिनीनं, माझ्या चेहऱ्यावर.

"झाडांचे आकडे बघून कुणी एवढं लाजतं का गं?" भाजी चिरता चिरता ती म्हणाली.

"वाढ चांगली झाली आहे यंदा."

"दिसतंय ना. कुणाची ते सांग."

गंमत वाटते, पण हसण्यासारखं काही नव्हतं. महिन्यातून एक दिवस डाक यायची, आणि बाकीचे एकोणतीस दिवस मी फक्त तिची वाट पाहायचे. त्याचं अक्षर उजवीकडे झुकलेलं होतं. बसमध्ये, दुकानाच्या पाटीवर, कुणाच्या वहीत, कुठेही तसं झुकलेलं अक्षर दिसलं की मी वळून पाहायचे. प्रत्यक्ष भेट वर्षातून एकदा, सगळी झाडं मोजायची असत तेव्हा – आठ दिवस. तेही मी 'तपासणी' असं कारण काढून जायचे म्हणून.

दुसऱ्या वर्षीच्या तपासणीत आम्ही एकदा प्लॉटच्या कडेला, दोरीपाशी बसलो होतो. रिमझिम लागली होती. काका छत्री घेऊन पुढे गेले होते – मुद्दाम, असं मला आता वाटतं. थर्मासच्या एकाच झाकणातून आम्ही आळीपाळीनं चहा पीत होतो.

"कडेची झाडं माझं ऐकत नाहीत," मी कुरकुरले. "यांना एका बाजूला शेजारीच नाही. खरं तर फोफावायला हवीत. पण मॉडेल सांगतं त्याच्या निम्मीसुद्धा वाढत नाहीत."

"एका बाजूला कोण नाही?"

मी दोरीकडे बोट दाखवलं. त्यानं दोरीपलीकडे पाहिलं. तिथे आतल्यासारखंच रान होतं. तशीच झाडं, तसाच पाचोळा, तसाच पाऊस.

"मग ही सगळी मंडळी कोण?"

"ती माझ्या तक्त्यात नाहीत. नोंद नाही, म्हणजे मॉडेलच्या दृष्टीनं तिथे कुणी नाहीच."

"हं..." त्यानं झाकण माझ्या हातात दिलं. ते देताना बोटं लागली, आणि या वेळी काढून घेतली नाहीत. "आणि तुमच्या दृष्टीनं? नोंद नसली, तर माणूसही नसतो का?"

उत्तर माझ्या ओठांवर होतं. अगदी ओठांवर... पण माझं ते समीकरण! जवळ येणारा काहीतरी घेऊनच जातो, हे मी इतकी वर्षं रोज सिद्ध करून दाखवत होते.

"चहा गार होतोय," मी म्हणाले.

तो उठला आणि पुढच्या झाडाकडे गेला.

आणखी एक वर्ष तसंच गेलं. तक्ते येत राहिले, शिक्के कमी होत राहिले, आणि मी ओठांवरचं तिथेच ठेवलं. मग त्या पानगळीच्या आरंभी, वर्षाची मोजणी आटोपली आणि विभागप्रमुख बाईंनी मला बोलावलं.

"हा प्लॉट आता पाच वर्षांतून एकदाच मोजायचा. पट्टेही काढून घ्या. मोजणीदाराची बदली वरच्या पठारावर केली आहे, तिथे नवा प्लॉट आखायचा आहे. तीन वर्षं. तुम्ही एक शेवटचा तक्ता तेवढा पाठवून द्या."

जागेवर येऊन बसले, तर त्या महिन्याचा तक्ता टेबलावर आलेला होता. त्याला बदलीचं आधीच कळलं होतं.

'२१४ – पुढच्या महिन्यात शेवटची नोंद. त्यानंतर काय करायचं, कृपया सूचना द्यावी.'

तो झाडाबद्दल विचारत नव्हता, एवढं मलाही कळत होतं.

दोन दिवस मी कच्च्या कागदावर लिहीत होते आणि फाडत होते. 'जाऊ नका.' फाडलं. 'मला भेटून जा.' फाडलं. 'मला तुमच्याशिवाय...' पुढचं लिहिताच येईना. समजा मी लिहिलं आणि त्याच्या मनात तसलं काही नसलंच तर? समजा असलं, तर? त्या दुसऱ्या शक्यतेचीच भीती जास्त वाटत होती.

"मॅडम, पिशवी बंद करतोय," डाकवाले भाऊ दारात उभे राहिले.

माझा हात खणात गेला. तीस ओळी, तीस शिक्के. २१४ – सूचना नाही.

तक्ता महिन्यानं परत आला. तीस झाडं, तीस आकडे, सगळे अचूक. शेऱ्याचा रकाना वरपासून खालपर्यंत कोरा होता. एवढा मोठा रकाना आहे तो, हे मला पहिल्यांदाच दिसलं.

तीन आठवड्यांनी काका ऑफिसात आले. ते निवृत्त होत होते. टेप, हातोडी, बिल्ल्यांची पेटी जमा करायला आले होते. सगळं जमा करून झालं आणि ते माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. पिशवीतून एक जाड पुडकं काढून त्यांनी समोर आपटलं.

"हे तुमचं. तो म्हणाला, मी गेल्यावर द्या."

"काय आहे?"

"बघा की. गेल्या वर्षी आणि यंदाही रविवारी मोजत होता. टोक धरायला मीच होतो म्हणून ठाऊक." काकांनी नाक ओढलं. "माझे रविवार गेले, गुडघे गेले... आणि तुम्ही शिक्का मारलात."

ते निघून गेले. मी पुडकं उघडलं.

हातानं आखलेले तक्ते होते. झाड क्रमांक ६१३ पासून ८२३ पर्यंत. मी चक्रावले, कारण आमच्या प्लॉटमध्ये झाडंच सहाशे बारा! मग जागेचा रकाना पाहिला. ६१३ – उणे तीन पूर्णांक दोन मीटर. ६१४ – उणे पाच. पुढे पुढे एकशे एक, एकशे चार, एकशे सात. कोपऱ्याच्या अलीकडची, शंभराच्या पलीकडची... ही दोरीबाहेरची झाडं होती. चारही बाजूंनी, बरोबर आठ मीटर रुंदीची पट्टी. दोनशे अकरा झाडं. प्रत्येकाचा घेर एकदा त्या थर्मासच्या चहानंतरच्या रविवारांचा, आणि एकदा बरोबर वर्षानंतरचा.

शेरा फक्त पहिल्या ओळीत होता.

'६१३ – ही सगळी आधीपासून इथेच होती.'

मी संध्याकाळपर्यंत आकडे भरत होते. भरले आणि मॉडेल चालवलं. पडद्यावर कडेची झाडं एकेक करून आपापल्या जागी येऊन बसली. इतकी वर्षं माझं न ऐकणारी, हट्टी, एकटी समजलेली झाडं. ती एकटी नव्हतीच. मीच मोजलं नव्हतं. मला रडू फुटलं. टंकलेखिकेनं काही न विचारता पाण्याचा ग्लास आणून ठेवला, आणि त्यामुळे तर आणखीच फुटलं.

माझं त्याच्यावर प्रेम होतं. बोटांना डिंक लागला त्या दिवसापासून होतं. हे स्वतःशी कबूल करायला मला दोनशे अकरा झाडं लागली.

नव्या प्लॉटचे कोरे तक्ते पठारावर जायचेच होते. दुसऱ्या दिवशी सकाळी मी डाकवाल्या भाऊंकडून ती पिशवी काढून घेतली.

"तुम्ही स्वतः नेणार? सहा तास बस आहे, मॅडम. वर पुन्हा चालायचं."

"चालेन."

वहिनीनं डबा हातात दिला. कुठे, कशाला, काही विचारलं नाही. फक्त म्हणाली, "या वेळी शिक्का घरी ठेवून जा."

पठारावर स्वच्छ ऊन होतं. हातोडीच्या आवाजावरून मी वाट काढत गेले. कोरी पिवळी दोरी, ताजे ठोकलेले खुंट, आणि एका रुंद खोडाशी झटापट करणारा तो – पाठमोरा, एकटा. टेपचं टोक त्यानं टाचणीनं सालीत खोचलं होतं, आणि तो पलीकडे वळला की टाचणी निसटायची. दोनदा निसटली. तिसऱ्यांदा तो खोडाआड गेला, तेव्हा मी पुढे होऊन टोक धरलं. पांढऱ्या पट्ट्यावर.

टेप वळसा घालून आली, ताणली गेली. बोटं माझ्या बोटांवर आली आणि थबकली.

कुणी हात काढला नाही. माझ्या छातीचे ठोके त्या लाकडातून पलीकडे पोचत असतील असं मला वाटत होतं.

"हे... काकांचे हात नाहीत," तो खोडामागून म्हणाला.

"काका निवृत्त झाले."

"मॅडम?"

"आकडा वाचा."

"दिसत नाहीये."

"का?"

"धुकं आहे," तो म्हणाला. लख्ख ऊन होतं.

तो समोर आला नाही. मीही गेले नाही. आमच्यामध्ये झाड होतं म्हणून तर बोलता येत होतं.

"तुम्ही शिक्का मारलात," तो हळूच म्हणाला.

"मारला. घाबरले होते. जितकं जवळ, तितकं नुकसान... एवढंच शिकले होते मी."

"आणि आता?"

"आता सूचना आहे." माझा आवाज कापत होता, कापू दिला. "२१४ नंतर काय करायचं, विचारलं होतंस ना? मोजत राहायचं. मी टोक धरीन. मला तू हवा आहेस... आणि हे पाच वर्षांतून एकदा नाही. रोज."

बोटं माझ्या बोटांत गुंतली. टेप सुटून सळसळत खाली गेली.

"तीन वर्षं आहेत माझी इथे," तो म्हणाला. "तू खाली. मी वर. महिन्यातून एक डाक."

"तीन वर्षांत हे झाड केवढं वाढेल?"

"हे? म्हातारं आहे. फार तर बोटभर."

"मग बोटभरच तर थांबायचंय."

तेव्हा कुठे तो खोडाला वळसा घालून आला. केसांत पाचोळा तसाच, आणि धुकं डोळ्यांत. मी पाचोळा काढायला हात वर केला... आणि पुढचं मी कुठल्याही रकान्यात लिहिणार नाही.

संध्याकाळच्या बसनं मी परतले. खिडकीशी बसून काचेला कपाळ टेकवलं आणि जाणारी झाडं पाहत राहिले. सहा तासांत सहा वेळा वाटलं, उतरावं आणि उलट जावं. तीन वर्षं म्हणजे छत्तीस तक्ते. मोजून झाले तरी ते कमी होईनात.

पहिला तक्ता महिन्यानं आला. मी तो कॉम्प्युटरवर चढवला, आणि मॉडेल पहिल्याच ओळीवर अडून बसलं. नव्या प्लॉटमधलं झाड क्रमांक १, तेच रुंद खोडाचं. जागा लिहिलेली, बिल्ला लिहिलेला... घेराचा रकाना रिकामा! त्या दिवशी टेप सुटली ती सुटलीच. आकडा घ्यायचं दोघांच्याही लक्षात नव्हतं. नंतर एकट्याला तो घेता आला नसावा, किंवा घ्यायचा नसावा. पुढे फक्त शेरा होता, उजवीकडे झुकलेल्या अक्षरात.

'१ – टोक धरायला माणूस हवं.'

मी कोरा तक्ता ओढला, पेन उघडलं आणि आमच्या बाजूच्या रकान्यात लिहिलं, 'फेरमोजणी करावी लागेल. शनिवारी येते.'